वॉटर पंपला तडा गेला, तर इपॉक्सी चालते का? दुरुस्ती कधी टिकते आणि कधी इंजिनावर बेतते

तडा गेलेला वॉटर पंप, त्यावर फासलेली राखाडी पेस्ट, थोड्या वेळाने सुरू झालेलं इंजिन आणि खाली ‘हजारो रुपये वाचले’ अशी ओळ. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने सापडतात. इंजिन सुरू झालं की व्हिडिओ संपतो. पुढच्या दोन महिन्यांत त्या गाडीचं काय झालं, हे कुणी दाखवत नाही.

मग खरंच इपॉक्सीने वॉटर पंप दुरुस्त होतो का? की हा जुगाड नंतर महागात पडतो?

थोडक्यात उत्तर

पंपाच्या बाहेरच्या बॉडीला, बोल्ट आणि बेअरिंगपासून लांब, केसासारखा बारीक तडा असेल तर योग्य प्रकारची इपॉक्सी नीट लावून गळती थांबवता येते. ती गॅरेजपर्यंत किंवा नवा पंप येईपर्यंतची सोय समजावी. पंपाचं सील गळत असेल, बेअरिंग खराब असेल किंवा तडा बोल्टच्या कानातून गेला असेल, तर इपॉक्सीचा काहीही उपयोग नाही. तिथे पंप बदलणं हाच मार्ग आहे.

वॉटर पंप नेमकं काय करतो?

इंजिनात इंधन जळताना सिलिंडरमधल्या वायूंचं तापमान काही क्षण २,००० अंशांच्या पुढे जातं. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं. तरीही इंजिन शाबूत राहतं, कारण त्याच्या भिंतींमधून कूलंट सतत फिरत असतं. इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता हे कूलंट उचलतं आणि रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं.

कूलंटला फिरवायचं काम वॉटर पंपाचं. आत एक पंखा असतो, त्याला इंपेलर म्हणतात. तो एका शाफ्टवर बसवलेला असतो. शाफ्टला बेअरिंगचा आधार असतो आणि कूलंट बेअरिंगपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये एक सील असतं. बहुतेक गाड्यांत हा पंप इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. काही इंजिनांत तो टायमिंग बेल्टवर असतो, तर अनेक हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत विजेवर चालणारा पंप असतो.

कूलिंग सिस्टीम बंदिस्त आणि दाबाखाली असते. रेडिएटरची कॅप साधारण १३ ते १६ पीएसआय, म्हणजे सुमारे १ बार दाब धरून ठेवते. आपल्या घरातला प्रेशर कुकर साधारण याच दाबावर चालतो. कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, तसंच रेडिएटरमध्येही होतं. त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर उकळण्याचं तापमान आणखी वर जातं. त्यामुळे ९० ते १०५ अंशांवर चालणाऱ्या इंजिनातही कूलंट उकळत नाही.

पंपाला तडा गेला की कूलंट गळतं आणि दाबही टिकत नाही. मग उरलेलं कूलंट लवकर उकळतं. गळती थोडी असली तरी इंजिन पटकन गरम होण्याचं एक कारण हे आहे.

तडा का जातो?

पंपाची बॉडी बहुधा ओतीव ॲल्युमिनियमची असते, जुन्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरमध्ये बिडाची. ओतीव धातू दाब चांगला सहन करतो, पण वाकत नाही, तडकतो. त्यामागची नेहमीची कारणं अशी:

• बोल्ट जास्त आवळणं. पंपाला असलेल्या एम-६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क लागतो. लांब पान्याने जोर लावला की बोल्टचा कान तडकतो.

• साधं पाणी गोठणं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही, पण इथून लडाख किंवा स्पितीला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरलेलं असेल तर एका रात्रीत बॉडी फुटू शकते.

• गंज. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यामुळे ॲल्युमिनियम आतून पोखरलं जातं आणि भिंत पातळ होते.

• बेअरिंग खिळखिळं होणं. शाफ्ट डगमगू लागला की इंपेलर बॉडीला घासतो, धक्के बसतात आणि बॉडी तडकते.

• बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणलेला असणं किंवा समोरून बसलेला अपघाताचा मार.

कारण शोधणं महत्त्वाचं आहे. बेअरिंगमुळे तडा गेला असेल, तर तो बुजवला तरी बेअरिंग तसंच राहतं आणि काही दिवसांत पंप पुन्हा फुटतो.

आधी खात्री करा, तो तडाच आहे का?

पंपाजवळ ओल दिसली म्हणजे तडा गेला असं नाही. वरच्या होज पाइपचा क्लिप सैल असेल, तरी कूलंट ओघळून पंपावर येतं. पंप आणि इंजिनामधलं पॅकिंग गळत असेल, तरी तसंच दिसतं.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो वीप होलमुळे. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडावं, यासाठी ती सोय असते. तिथून थेंब पडणं हा सील गेल्याचा इशारा आहे.

काही जण हे भोकच पुटीने बुजवतात. गळती थांबल्यासारखी वाटते, पण कूलंट आता बेअरिंगमध्ये जातं, त्यातलं ग्रीस धुतलं जातं आणि बेअरिंग जाम होतं. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर बेल्ट सुटतो किंवा तुटतो. अनेक इंजिनांत अशा वेळी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. वीप होल कधीही बुजवू नये.

खात्री करण्यासाठी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पंप पुसून कोरडा करा. गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडाला बसणारा हातपंप असतो. त्याने कॅपवर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब दिला की गळती नेमकी कुठून होते ते दिसतं. हिरव्या किंवा गुलाबी रंगाचे वाळलेले डागही माग काढायला मदत करतात.

इपॉक्सी म्हणजे काय?

इपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. ते एकत्र केले की त्यांच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते आणि घट्ट प्लास्टिक तयार होतं. ही क्रिया उलटत नाही. म्हणून घट्ट झालेली इपॉक्सी पुन्हा वितळवता येत नाही.

हे रसायन १९३० आणि १९४०च्या दशकांत विकसित झालं. ॲराल्डाइट हे नाव स्विस कंपनी सिबाने १९४६ मध्ये बाजारात आणलं. भारतातला ॲराल्डाइटचा व्यवसाय २०२० मध्ये पिडिलाइटने विकत घेतला. नळ आणि टाक्यांसाठी घरोघरी वापरलं जाणारं एम-सील हेही पिडिलाइटचंच, आणि तेही इपॉक्सीचीच पुटी आहे. परदेशी व्हिडिओंत दिसणारी जे-बी वेल्ड ही लोखंडाची भुकटी मिसळलेली इपॉक्सी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सुरू झाली.

सगळ्या इपॉक्सी सारख्या नसतात. घरगुती वापराच्या आणि खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या बऱ्याच इपॉक्सी ६० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. त्या वितळत नाहीत, पण कडकपणा जाऊन चामड्यासारख्या होतात. वॉटर पंप ९० अंशांच्या वर चालतो. म्हणजे गाडी थंड असताना दगडासारखा लागणारा जोड गाडी गरम झाल्यावर सैल पडतो. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकारांमध्ये ही अडचण जास्त असते.

म्हणून पाकिटावर दोन गोष्टी वाचा: धातूसाठी आहे का, आणि किती तापमानापर्यंत चालते. किमान १५० अंश लिहिलेलं असेल तरच ती पंपासाठी विचारात घ्या.

ताकद हजारो पीएसआयची, मग १५ पीएसआयला का हरते?

मूळ जे-बी वेल्डच्या पाकिटावर ५,०२० पीएसआय ताकद लिहिलेली असते. रेडिएटरचा दाब जेमतेम १५ पीएसआय. हिशेबाने ती तीनशे पट मजबूत आहे. तरीही असे जोड सुटतात, याची चार कारणं आहेत.

पहिलं, प्रसरण. तापमान ३० वरून १०० अंशांवर गेलं की १० सेंटीमीटर ॲल्युमिनियम सुमारे ०.१६ मिलिमीटरने वाढतं. भुकटी न मिसळलेली साधी इपॉक्सी तेवढ्याच तापमानात त्याच्या दुपटीहून जास्त वाढते. गाडी दर वेळी सुरू आणि बंद होताना हे दोन पदार्थ एकमेकांना ओढतात. धातूची भुकटी घातलेल्या इपॉक्सीत हा फरक कमी होतो, म्हणून पंपासाठी तीच वापरतात.

दुसरं, पृष्ठभाग. पाकिटावरचा आकडा ताणून पाहिलेल्या इपॉक्सीचा असतो. प्रत्यक्षात इपॉक्सी आतून तुटत नाही, ती धातूवरून सोलली जाते. तड्यात मुरलेलं कूलंट आणि तेल पूर्ण निघालं नसेल, तर ती धातूला चिकटतच नाही.

तिसरं, दाबाची दिशा. बाहेरून लावलेल्या थराला आतला दाब सतत बाहेर ढकलत असतो. आतून थर लावला तर दाब त्याला भिंतीवर दाबून धरेल, पण आत इंपेलरसाठी जेमतेम जागा असते. तिथे सुटलेला तुकडा इंपेलर अडवू शकतो किंवा पुढे जाऊन थर्मोस्टॅटमध्ये बसू शकतो.

चौथं, थरथर आणि बेल्टचा ताण. बेल्ट पंपाला सतत एका बाजूला ओढत असतो. तडा या ताणाच्या वाटेवर असेल तर तो इपॉक्सीखाली वाढत राहतो.

कुठे लावता येते, कुठे नाही?

लावता येण्यासारखी जागा: बॉडीची जाड बाहेरची भिंत, होज जोडतात त्या नळीचा जाड भाग, ओतकामातलं सुईएवढं भोक.

लावू नये अशी जागा: बोल्टचे कान, पॅकिंग बसतं तो सपाट भाग, सील आणि बेअरिंग बसतात तो गोल भाग, वीप होल. टायमिंग बेल्टवरच्या पंपावर तर हा प्रयोग करूच नये. तिथे पंपापर्यंत पोहोचण्याचीच मजुरी इतकी असते की एवढं उघडल्यावर जुना पंप परत बसवण्यात काही वाचत नाही.

दुरुस्ती करायचीच असेल तर पद्धत काय?

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरची कॅप उघडू नका, दाब सुटताच उकळतं कूलंट अंगावर येतं. कूलंट भांड्यात काढा आणि झाकून ठेवा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं कूलंट चाटून कुत्री-मांजरं दगावतात, लहान मुलांनाही तोच धोका आहे.

२. पंप काढून घ्या. गाडीवरच लावलेली इपॉक्सी सहसा टिकत नाही, कारण मागून ओल येत राहते. शाफ्ट हाताने हलवून पाहा. तो डगमगत असेल किंवा फिरवताना खरखर लागत असेल, तर इथेच थांबा आणि नवा पंप घ्या.

३. पंप साबणाच्या पाण्याने धुवा, हीट गनने हलका गरम करून तड्यातली ओल काढा आणि ॲसिटोनने पुसा. पेट्रोल किंवा डिझेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो.

४. तड्याची दोन्ही टोकं शोधा. डाय पेनिट्रंट या लाल रंगाच्या स्प्रेने ती स्पष्ट दिसतात. दोन्ही टोकांना २ ते ३ मिलिमीटरचं भोक पाडतात. टोकदार तड्याच्या अग्रावर ताण एकवटतो, गोल भोकात तो पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. नंतर तड्यावर भिंतीच्या साधारण निम्म्या जाडीएवढी ‘व्ही’ आकाराची खाच करतात.

५. तड्याच्या भोवती दोन-अडीच सेंटीमीटर जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा. पुन्हा ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच बनतो, म्हणून पुढचं काम वेळ न घालवता करा.

६. दोन्ही भाग पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मिसळा. ‘लवकर घट्ट व्हावं’ म्हणून हार्डनर जास्त घातलं तर जोड कमकुवत होतो. मिश्रण आधी खाचेत दाबून भरा म्हणजे हवा राहणार नाही, मग वर २ ते ३ मिलिमीटरचा थर द्या. हातमोजे घाला. रेझिन आणि हार्डनरमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते. घट्ट झालेली इपॉक्सी घासताना मास्क लावा.

७. पूर्ण वेळ द्या. मूळ जे-बी वेल्ड ४ ते ६ तासांत बसते, पण पूर्ण घट्ट व्हायला १५ ते २४ तास लागतात. थंडीत हा वेळ वाढतो. व्हिडिओतल्या ‘अर्ध्या तासात गाडी सुरू’मधली मुख्य चूक हीच आहे.

८. नवं पॅकिंग घालून पंप बसवा, बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, कूलंट भरून सिस्टीममधली हवा काढा. इंजिन सुरू करण्याआधी हातपंपाने दाब देऊन पंधरा मिनिटं थांबा. काटा खाली आला तर गळती अजून आहे.

वेल्डिंग का करत नाहीत?

ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग करता येतं, पण पंपासाठी ते त्रासाचं आहे. ओतीव धातूत मुरलेलं कूलंट वेल्डिंगच्या उष्णतेने उकळतं आणि जोडात छिद्रं पडतात. बॉडी जराशी वाकली तरी बेअरिंग आणि सीलची जागा बिघडते. आधी इपॉक्सी लावलेल्या जागी तर वेल्डिंग आणखी अवघड होतं, कारण जळलेली इपॉक्सी जोड खराब करते. ज्यांचे पंप मिळतच नाहीत अशा जुन्या, विंटेज गाड्यांचे मालक मात्र सील आणि बेअरिंग काढून बॉडीची अशी दुरुस्ती करून घेतात.

हळद टाकून गळती थांबते का?

ट्रकचालकांमध्ये रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय जुना आहे. हळदीतले कण गळतीच्या छिद्रात अडकतात आणि बारीक गळती काही काळ थांबते. बाजारातल्या ‘लीक स्टॉप’ बाटल्यांचं तत्त्वही असंच आहे. अडचण अशी, की हळदीला छिद्र कोणतं आणि रेडिएटरची बारीक नळी कोणती हे कळत नाही. ती रेडिएटर आणि हीटरच्या नळ्याही चोंदवते. पंपाच्या तड्यावर तर तिचा प्रभाव आणखी कमी, कारण गाडीच्या थरथरीने तडा उघड-मीट होत असतो.

घाटात गळती लागली तर?

अशा वेळी इपॉक्सी उपयोगाची नाही, कारण ती घट्ट व्हायलाच दिवस जाईल. लगेच करायच्या गोष्टी या:

• एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो.

• काटा लाल पट्ट्यात गेला किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. ‘घाट उतरला की बघू’ म्हणू नका.

• कूलंट खूप कमी झालं असेल तर काट्यावर विसंबू नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसेल तर इंजिन तापलेलं असतानाही काटा खाली दिसू शकतो.

• पूर्ण थंड झाल्यावरच पाणी भरा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

• दाब कमी व्हावा म्हणून कॅप सैल ठेवण्याचा सल्ला मिळतो. त्याने गळती कमी होते, पण पाणी लवकर उकळतं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला तर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. हा उपाय टाळा.

• गळती धारेसारखी असेल तर गाडी टो करून न्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या हेल्पलाइनवर मदत मागता येते. अनेक विमा पॉलिसींमध्येही रोडसाइड असिस्टन्स असतो, तो आधीच तपासून ठेवा.

पैशांचा हिशेब

इपॉक्सीचं पाकीट पंपापेक्षा खूप स्वस्त असतं, हे खरं. पण जोड सुटला आणि इंजिन तापलं, तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं आणि कूलंट तेलात मिसळून तेल दुधाळ होतं. हेड काढून फेसिंगला टाकणं, नवं गॅस्केट, तेल, मजुरी, हे सगळं पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट होतं. इंजिन सीझ झालं तर जुन्या छोट्या गाडीच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा गाडी विकलेली बरी, अशी वेळ येते.

इपॉक्सी लावून गाडी चालवायचीच असेल, तर नवा पंप आधी मागवा. तोपर्यंत लांबचा प्रवास, घाट आणि पूर्ण भरलेली गाडी टाळा. रोज सकाळी थंड इंजिनात कूलंटची पातळी पाहा आणि गाडीखाली डाग आहे का ते बघा. नवा पंप बसवताना बेल्ट, पॅकिंग आणि कूलंटही बदलून घ्या, आणि पुढे नळाच्या पाण्याऐवजी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंटच वापरा.

सेकंड हँड गाडी घेताना टॉर्च मारून वॉटर पंपाची बॉडी नक्की पाहा. त्यावर राखाडी किंवा काळ्या पुटीचा गोळा दिसला, तर विक्रेत्याला दुरुस्ती कधी आणि का केली ते विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर नव्या पंपाचा आणि हेड तपासण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.